जुनी ब्लूज रेकॉर्ड फिल्मला लावायचीय? आधी दोन कुलुपं उघडा

सीडीच्या पुस्तिकेत गाण्याच्या नावासमोर एवढंच छापलेलं होतं: 'ट्रॅड.' म्हणजे ट्रॅडिशनल, पारंपरिक. एडिटरने ते वाचलं, निर्मात्याने मान डोलावली आणि मी कागदावर लिहून टाकलं, 'पारंपरिक, परवानगीची गरज नाही.' बावीस मिनिटांचा माहितीपट आणि शेवटच्या तीन मिनिटांवर ती स्लाइड गिटार, म्हणजे बोटात नळी घालून तारांवर घसरवत वाजवलेली. पुढे परदेशातल्या एका महोत्सवात फिल्म निवडली गेली आणि त्यांचा फॉर्म आला. संगीताखाली दोन रकाने होते, गाण्याचा मालक आणि रेकॉर्डिंगचा मालक. आमचे दोन्ही कोरे. शोधाशोध केली तेव्हा कळलं की त्या 'पारंपरिक' गाण्याला रीतसर नोंदवलेला गीतकार आहे, पब्लिशर आहे आणि रेकॉर्डिंग अमेरिकेत अजून एका मोठ्या कंपनीच्या ताब्यात आहे. हातात अकरा दिवस. शेवटी ठाण्याच्या एका मित्राने प्लंबरकडून आणलेला पाइपचा तुकडा करंगळीत घातला, खरोखर खुली, म्हणजे कोणाचाच हक्क न उरलेली, दुसरीच चाल वाजवून दिली आणि फिल्म कशीबशी वेळेत गेली.

आपल्याकडेही ओवीच्या, भारुडाच्या, जुन्या लावणीच्या रेकॉर्डवर 'पारंपरिक' छापतात. त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो आणि तिथेच पाय घसरतो. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या या गाण्यांमध्ये, या शब्दाचे निदान तीन अर्थ निघतात. खरोखरच कोणा एकाचं नसलेलं गाणं. लिहिणारा होता पण त्याचं नाव विचारायची कोणाला गरज वाटली नाही असं गाणं. आणि सीडी काढणाऱ्याला रॉयल्टी द्यायची नव्हती म्हणून ज्याला पारंपरिक ठरवलं असं गाणं. पुस्तिका वाचून यातलं कुठलं ते कळत नाही.

हे लिहितोय ते पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी: मुंबई-पुण्यात लघुपट, माहितीपट, पॉडकास्ट करणारी मंडळी, किंवा न्यू जर्सीत बसून चॅनेल चालवणारे आपले लोक. मी वकील नाही. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवाच. पण वकिलाकडे जाईपर्यंतचं बहुतेक काम आपलं आपल्याला करता येतं.

पहिली पायरी: गाणं हवंय की तीच रेकॉर्ड?

एका तबकडीत दोन मालमत्ता असतात. एक गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. ते लिहिणाऱ्याचं, त्याच्या वारसांचं, किंवा त्याने ज्या पब्लिशरला हक्क विकले त्याचं. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसाने गायलेला तो आवाज. धंद्यात याला मास्टर म्हणतात आणि तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. चित्राला गाणं जोडायचं तर गाण्यासाठी सिंक लायसन्स लागतं आणि रेकॉर्डिंगसाठी मास्टर लायसन्स. एक किल्ली मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असं नाही.

तुम्ही स्वतः गाऊन-वाजवून घेणार असाल तर मास्टरचं कुलूप उरत नाही, फक्त गाण्याचं राहतं. नुसता ऑडिओ काढायचा असेल तर अमेरिकेत काम आणखी सोपं आहे. एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलेलं गाणं कोणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. कायद्याने ठरलेला दर भरायचा, मालक अडवू शकत नाही. याला मेकॅनिकल लायसन्स म्हणतात. १९०९ साली हा दर प्रतीला २ सेंट होता आणि १९७८ पर्यंत तेवढाच राहिला. २०२५ साठी तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.७ सेंट होता. भारतातही कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करण्याची, अशी सोय कॉपीराइट कायद्याच्या ३१-सी कलमात आहे, पण मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. छोट्या कलाकाराला हे झेपत नाही, त्याने सरळ मालकालाच विचारावं.

चित्राला मात्र ही सक्तीची सवलत कुठेच लागू नाही. मालक नाही म्हणू शकतो, उत्तरच न देऊ शकतो, हवी ती किंमत सांगू शकतो. आणि 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असं कोणी सांगितलं तर त्याला कलम विचारा. असं कलम नाही.

दुसरी पायरी: रेकॉर्डची जन्मपत्रिका

स्ट्रीमिंग ॲपवर दिसणारं वर्ष विसरून जा. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी संग्रहाचं असतं. तुम्हाला हवी ती मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मूळ तबकडीची माहिती: लेबल, कॅटलॉग नंबर, मेट्रिक्स नंबर (त्या मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक), कितवा टेक, कुठे आणि कधी रेकॉर्ड झाली आणि बाजारात कधी आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने जुन्या अमेरिकन रेकॉर्डिंगची मोठी सूची ऑनलाइन ठेवली आहे, फुकट. गायकाचं नाव टाका, तारखेसकट यादी समोर येते.

टेक कशाला बघायचा, ते ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनकडून शिका. २७ नोव्हेंबर १९३६ ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलात त्याने 'क्रॉस रोड ब्लूज' दोनदा गायलं. एक टेक १९३७ मध्ये तबकडीवर आला. दुसरा पडून राहिला आणि १९६१ च्या एलपीवर पहिल्यांदा बाहेर पडला. तोच माणूस, तेच गाणं, तीच दुपार म्हणा ना. पण अमेरिकेत पहिला टेक २०३८ च्या १ जानेवारीला खुला होईल आणि दुसरा २०६७ मध्ये. तुमच्या टाइमलाइनवर कुठला आहे हे कान लावून, सेकंद मोजून पक्कं करा.

नावांचाही घोळ असतो. सनी बॉय विल्यमसन नावाचे दोघे होते, दोघेही हार्मोनिका वाजवायचे. एक जॉन ली विल्यमसन, १९४८ मध्ये गेला. दुसरा ॲलेक 'राइस' मिलर, ज्याने हे नाव सरळ उचललं आणि १९६५ पर्यंत जगला. लेबलं वेगळी, मालक वेगळे, वारस वेगळे. चुकीच्या सनी बॉयची परवानगी घेऊन बसलात तर ती नसल्यात जमा.

तिसरी पायरी: रेकॉर्डिंगचं वय मोजा

अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना कित्येक वर्षं केंद्रीय कॉपीराइट नव्हताच, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टने ते गणित एकदाचं सरळ केलं. १९२३ च्या आधी बाजारात आलेल्या रेकॉर्डिंग १ जानेवारी २०२२ ला खुल्या झाल्या. १९२३ ते १९४६ मधल्यांना शंभर वर्षं. १९४७ ते १९५६ मधल्यांना ११०. त्यानंतरच्या, १४ फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या सगळ्या १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत बंद. हा शेवटचा गट सोडला तर मुदत वर्षअखेरीला संपते, म्हणून रेकॉर्डिंग १ जानेवारीला खुलं होतं.

हे लावून बघू. मॅमी स्मिथचं १९२० चं 'क्रेझी ब्लूज' खुलं आहे. बेसी स्मिथचं १९२३ चं 'डाउनहार्टेड ब्लूज' २०२४ ला खुलं झालं. तिचंच १९२५ चं 'सेंट लुईस ब्लूज', ज्यात लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो, ते १ जानेवारी २०२६ ला खुलं झालं. आणि संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने ते गाणं १९१४ मध्येच छापलं असल्यामुळे गाण्याचंही कुलूप अमेरिकेत कधीच गेलंय. नवख्याने सुरुवात इथून करावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. दोन्ही कुलुपं उघडी, आणि रेकॉर्ड तर अशी की ऐकून अंगावर काटा येतो.

ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट' १९२७ च्या डिसेंबरात डॅलसमध्ये रेकॉर्ड झालं, बाजारात १९२८ ला आलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीवर ते गेलं, आता सूर्यमालेच्या पार निघालंय. अमेरिकेतली रेकॉर्डिंगची मुदत मात्र २०२८ च्या अखेरीपर्यंत आहेच.

भारताचं गणित छोटं आहे: ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे १९६५ पर्यंत प्रकाशित झालेली रेकॉर्डिंग २०२६ च्या सुरुवातीला आपल्याकडे खुली. युरोपात १९६३ पूर्वी प्रकाशित झालेल्या जुन्या रेकॉर्डिंगची मुदतही संपलेली आहे. स्वस्त युरोपियन ब्लूज सीडींचे ढीग बाजारात का दिसतात ते यावरून कळेल. ती सीडी काढणाऱ्याने कायदा मोडलेला नसतो. पण तिथली सूट अमेरिकेत चालत नाही आणि तो सीडीवाला तुम्हाला अमेरिकेसाठी लायसन्स देऊही शकत नाही.

'मग आम्ही भारतातच दाखवू' असं म्हणणारे भेटतात. नाट्यगृहात, फिल्म सोसायटीत दाखवायचं असेल तर म्हणा. यूट्यूबवर टाकलं की ते डेट्रॉईटमध्येही दिसतं, आणि ओटीटीवाले हक्क मागतात ते जगभराचे. फिल्म जिथे जिथे दिसणार, तिथलं तिथलं गणित सुटायला हवं.

चौथी पायरी: गाण्याचं वय, जे वेगळंच असतं

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

अमेरिकेत छापून प्रकाशित झालेल्या जुन्या गाण्याला जास्तीत जास्त ९५ वर्षं. १९३० चं गाणं २०२६ ला खुलं, १९३१ चं २०२७ ला, असं दर जानेवारीला एक वर्ष पुढे. शिवाय १९६३ पर्यंत प्रकाशित झालेल्यांना २८ व्या वर्षी नूतनीकरण करावं लागायचं. ते राहून गेलं असेल तर गाणं तेव्हाच खुलं झालं. नूतनीकरणाच्या जुन्या नोंदी अमेरिकन कॉपीराइट ऑफिसने स्कॅन करून ठेवल्या आहेत. बसून चाळायची तयारी हवी, एवढंच.

पण 'प्रकाशित' म्हणजे काय? आपल्याला वाटतं, तबकडी दुकानात विकली गेली म्हणजे गाणं प्रकाशित झालं. १९९५ मध्ये एका अमेरिकन अपील कोर्टालाही तसंच वाटलं. जॉन ली हूकरच्या 'बूगी चिलन'वरून झेडझेड टॉप या बँडविरुद्धचा तो खटला होता. संगीत पब्लिशरांमध्ये खळबळ उडाली, कारण मग हजारो जुन्या गाण्यांची मुदत संपली असं निघत होतं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायद्यातच लिहून टाकलं की १९७८ पूर्वी नुसती रेकॉर्ड विकणं म्हणजे गाण्याचं प्रकाशन नव्हे.

त्याचा परिणाम बघा. मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या ब्लूज गायकांची गाणी कागदावर छापली कोणी? कितीतरी गाणी फक्त तबकडीवर होती. म्हणजे ती कायद्याच्या नजरेत अप्रकाशित राहिली. अप्रकाशित गाण्याला लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि ते १९७८ ते २००२ या काळात प्रकाशित झालं असेल तर किमान २०४७ अखेरपर्यंत. रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये गेला. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने त्याची दोन गाणी घेतली होती, त्यावरून खटला झाला आणि २००० साली कोर्टाने ठरवलं की १९३० च्या दशकात तबकड्या विकल्या गेल्या तरी गाणी खुली झालेली नाहीत.

भारतात गाण्याला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्या हिशोबाने, जॉन्सनच्या हयातीत तबकडीवर आलेली गाणी आपल्याकडे कधीच खुली झाली. ब्लूज गायक मडी वॉटर्स मात्र १९८३ मध्ये गेला, म्हणजे त्याची गाणी भारतात २०४३ च्या अखेरीपर्यंत बंद. त्याचं १९५० चं 'रोलिन स्टोन' घ्या: भारतात रेकॉर्डिंग खुलं पण गाणं बंद, अमेरिकेत रेकॉर्डिंगही २०६० अखेरपर्यंत बंद. म्हणून मी वहीत प्रत्येक गाण्यासाठी चार चौकोन आखतो. वर देश, बाजूला गाणं आणि रेकॉर्डिंग. चारही भरल्याशिवाय एडिटरला 'लॉक कर' म्हणत नाही.

पाचवी पायरी: लिहिलं कोणी, आणि नाव कोणाचं लागलं

शोधताना गायकाचं मंचावरचं नाव वापरलंत तर हाती फारसं लागणार नाही. गाण्यांच्या नोंदी खऱ्या नावावर असतात. मडी वॉटर्स म्हणजे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, हाउलिन वुल्फ म्हणजे चेस्टर बर्नेट, लेड बेली म्हणजे हडी लेडबेटर, मेम्फिस मिनी म्हणजे लिझी डग्लस. गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या ॲस्कॅप आणि बीएमआय या दोन अमेरिकन संस्थांनी सुरू केलेला 'साँगव्ह्यू' नावाचा सामायिक ऑनलाइन शोध आहे. त्यात गीतकार, पब्लिशर आणि कोणाचा किती टक्के वाटा ते दिसतं. मेकॅनिकल हक्कांसाठी २०२१ पासून चालू झालेल्या 'एमएलसी' या संस्थेचा शोध वेगळा. दोन्हीकडे बघा आणि आकडे जुळतात का ते ताडून पाहा. टक्क्यांची बेरीज शंभर होत नसेल तर कोणीतरी वाटेकरी राहिलाय.

आता 'पारंपरिक'कडे परत. ब्लूजमध्ये कडवी या गाण्यातून त्या गाण्यात फिरत असतात, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. हॅम्बोन विली न्यूबर्नने १९२९ मध्ये अटलांटात 'रोल अँड टम्बल ब्लूज' रेकॉर्ड केलं. तीच चाल रॉबर्ट जॉन्सनने वेगळ्या शब्दांत घेतली. पुढे मडी वॉटर्सची आवृत्ती आली आणि कित्येक रेकॉर्डवर गीतकार म्हणून त्याचं नाव लागलं. यातलं पारंपरिक किती आणि कोणाचं किती? तुम्ही नेमकी कुठली आवृत्ती वापरताय त्यावर ते ठरतं. मूळ चाल खुली असली तरी कोणीतरी केलेली नवी बांधणी, नवे शब्द, नवा गिटारचा तुकडा त्याच्या नावाने राखीव असू शकतो. स्वतः वाजवणार असाल तर सगळ्यात जुनी, खुली झालेली आवृत्ती ऐका आणि तीच गाठा. माझ्या ठाण्याच्या मित्राने तेच केलं.

उलट बाजूही आहे. नोंदीत ज्याचं नाव आहे त्याने गाणं लिहिलंच असेल असं नाही. तेव्हाचे निर्माते, टॅलेंट स्काउट, पब्लिशर गायकाच्या हातावर गाण्यामागे थोडे डॉलर ठेवून हक्क आपल्या नावावर करून घ्यायचे. आर्थर 'बिग बॉय' क्रडपचं 'दॅट्स ऑल राइट' १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने गायलं आणि जगभर गेलं. क्रडप १९७४ मध्ये वारला तोवर त्याच्या हाती रॉयल्टी म्हणून फारसं काही पडलं नव्हतं. ब्लूज गीतकार विली डिक्सनने १९८५ मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडवर 'होल लोटा लव्ह'बद्दल दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली. अमेरिकन कायद्यात लेखकाला किंवा वारसांना ५६ वर्षांनी हक्क परत घेण्याची वाट आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या यादीतला पब्लिशर आज मालक असेलच असं समजू नका. ताजी नोंद बघा.

सहावी पायरी: मास्टर कोणाकडे?

जुनी लेबलं मेली, पण त्यांची मालमत्ता वारसाहक्काने फिरत राहिली. ढोबळ कूळ असं: कोलंबिया, ओके, व्हिक्टर, ब्लूबर्ड आज सोनीकडे. शिकागोचं चेस, आणि डेक्का, युनिव्हर्सलकडे. व्होकॅलियनचे दोन तुकडे पडतात. डिसेंबर १९३१ पूर्वीचं साधारण युनिव्हर्सलच्या वाटेने, नंतरचं सोनीच्या. अर्हूली, जे ख्रिस स्ट्रॅक्विट्झने १९६० मध्ये सुरू केलं, ते २०१६ पासून स्मिथसोनियन संस्थेच्या फोकवेज या लेबलकडे. लोकगीतं गोळा करत फिरलेल्या ॲलन लोमॅक्सने जागेवर जाऊन केलेल्या फील्ड रेकॉर्डिंगसाठी 'असोसिएशन फॉर कल्चरल इक्विटी' या संस्थेचं दार ठोठावायचं.

मालकीचा पुरावा हवा असेल तर कॉपीराइट ऑफिसकडे १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डिंगच्या, मालकांनी भरलेल्या याद्या आहेत, त्या शोधता येतात.

नवख्याला माझा पक्षपाती सल्ला: तुमची फिल्म एकाच विशिष्ट गाण्यावर अडलेली नसेल तर फोकवेजसारख्या घरातून सुरुवात करा. तिथे लायसन्स हेच काम करणारी माणसं आहेत, ई-मेलला उत्तर येतं, आणि कधी कधी गाणं आणि मास्टर दोन्ही एकाच ठिकाणी सुटतात. मोठ्या कंपनीच्या टेबलावर तुमचा बावीस मिनिटांचा माहितीपट गाडीच्या जाहिरातीखाली दबलेला असतो.

सातवी पायरी: पत्र

अर्ज इंग्रजीत जाणार, बहुतेकांचा ऑनलाइन फॉर्मच असतो. पण त्यात काय असावं ते आधी मराठीत नीट लिहून काढा. माझ्याकडचा मजकूर असा असतो:

'बावीस मिनिटांचा माहितीपट, विषय गिरणगाव. शेवटच्या प्रसंगात बंद गिरणीच्या चिमणीवर कॅमेरा स्थिर आहे, संवाद नाही. त्यावर तुमच्या रेकॉर्डिंगचे १ मिनिट ४० सेकंद, एकदाच, पार्श्वसंगीत म्हणून. श्रेयनामावलीत वापर नाही. सध्या फक्त चित्रपट महोत्सव, जगभर, दोन वर्षं. पुढे टीव्ही आणि ओटीटी घ्यायचं ठरलं तर त्याची किंमत आत्ताच सांगावी. एकूण बजेट इतकं, संगीताचं इतकं. गाण्याच्या हक्कांसाठी वेगळा अर्ज अमुक पब्लिशरकडे केला आहे.'

प्रसंग लिहायलाच हवा. गाणं खून, दारू किंवा प्रचाराच्या दृश्यावर लागणार असेल आणि ते तुम्ही लपवलंत तर नंतर परवानगी मागे जाते. बजेट खरं सांगा. कमी आहे म्हणून लाजू नका. आणि 'पुढची किंमत आत्ताच' हे वाक्य कधीही गाळू नका. फिल्म गाजल्यावर विचारायला गेलात तर भाव गाजलेल्या फिल्मचाच लागतो.

किती दिवस लागतात? आठवडे धरा, महिनेही लागतात. एडिट लॉक व्हायच्या आधी अर्ज जायला हवा.

करार आला की चार गोष्टी आधी शोधा: मुदत, प्रदेश, माध्यम, आणि 'मोस्ट फेवर्ड नेशन्स' हे कलम. या कलमाचा अर्थ, तुम्ही दुसऱ्या बाजूला जास्त पैसे दिले तर आम्हालाही तेवढेच. म्हणजे मास्टरवाल्याला ५०० डॉलर कबूल केले आणि मग पब्लिशर ८०० वर अडला, तर मास्टरचेही ८०० होतात. म्हणून दोघांनाही पहिल्यापासून एकच आकडा सांगत राहायचं. शिवाय भारतातून पैसे पाठवताना टीडीएस कापावा लागतो. तो त्यांच्या रकमेतून जाणार की वरून तुम्ही सोसणार, हे सही करण्याआधी ठरवून घ्या आणि सीएला मध्ये घ्या. त्यांच्या खात्यात रक्कम कमी पोचली की लायसन्स सुरूच होत नाही, आणि मग ई-मेलवर जो तमाशा होतो तो मी एकदा पाहिलाय.

उत्तरच आलं नाही तर

मौन म्हणजे होकार नव्हे. तीन वाटा उरतात. गाणं बदलायचं. खुलं गाणं घेऊन नवं रेकॉर्डिंग करायचं. यात वादक मिळाला की सगळ्यात कमी डोकेदुखी. मुंबईत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला २०११ पासून मेहबूब स्टुडिओत गर्दी होत आली आहे, म्हणजे हे संगीत मनापासून ऐकणारे आणि वाजवणारे आपल्याकडे आहेत, शोधा. वादकाकडूनही लेखी हक्क घ्या, मित्र असला तरी.

तिसरी वाट फक्त अमेरिकेतली आणि फक्त अव्यावसायिक वापराची. १९७२ पूर्वीची रेकॉर्डिंग आज कुठेच विकली जात नाही असं प्रामाणिक शोधानंतर दिसलं, तर कॉपीराइट ऑफिसकडे सूचना नोंदवायची. ९० दिवसांत मालकाने हरकत घेतली नाही तर वापरता येते. गाण्याचा हक्क मात्र यातून मिळत नाही, तो स्वतंत्रच सोडवायचा.

आणि रेकॉर्डिंग खुलं आहे म्हणून यूट्यूब गप्प बसेल असं नाही. जुन्या रेकॉर्डिंगचे संग्रह काढणाऱ्यांनी आपल्या फाइली तिथे नोंदवलेल्या असतात, यंत्र आवाज ओळखतं आणि दावा ठोकतं. तुमचा ऑडिओ कुठल्या तबकडीवरून घेतला, ती कधी आली, मुदत कधी संपली, हे एका पानावर तयार ठेवा आणि दाव्याला उत्तर म्हणून तेच लावा. कोणा संग्राहकाची साफसूफ केलेली प्रत उचलू नका. शक्यतो लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणची खुली म्हणून दिलेली फाइल घ्या.

शेवटचा कागद: क्यू शीट

फिल्ममध्ये कुठलं संगीत कुठल्या सेकंदाला किती वेळ वाजलं, गीतकार कोण, पब्लिशर कोण, याचा तक्ता म्हणजे क्यू शीट. चॅनेलवर फिल्म लागली की याच कागदावरून गीतकारांना पैसे जातात. भारतात गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आयपीआरएस हे काम बघते. लोक क्यू शीट घाईघाईत, चहा पिता पिता भरतात आणि गीतकाराच्या रकान्यात 'ट्रॅड.' लिहून मोकळे होतात.

१९५९ मध्ये ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात लाकडं फोडणाऱ्या कैद्यांचं गाणं टेपवर घेतलं. 'पो लॅझरस', अस्सल पारंपरिक. त्यात पुढाकार घेऊन गाणारा कैदी जेम्स कार्टर, एवढं नाव नोंदवलेलं राहिलं. २००० साली ते रेकॉर्डिंग एका हॉलिवूड सिनेमात वाजलं, त्या सिनेमाच्या अल्बमच्या लाखो प्रती गेल्या. लोमॅक्स यांच्या संग्रहाच्या माणसांनी शोध घेत घेत कार्टरला शिकागोत गाठलं आणि २००२ मध्ये २०,००० डॉलरचा पहिला चेक त्याच्या हातात दिला. ते गाणं आपण कधी गायलो होतो, हे त्याला आठवतही नव्हतं.

श्रेयनामावलीत मी आता अशी ओळ देतो, आणि तुम्हीही अशीच द्या: 'सेंट लुईस ब्लूज. गीत-संगीत: डब्ल्यू. सी. हँडी. गायन: बेसी स्मिथ. कॉर्नेट: लुई आर्मस्ट्राँग. हार्मोनियम: फ्रेड लाँगशॉ. कोलंबिया, न्यूयॉर्क, १४ जानेवारी १९२५.' होय, त्या रेकॉर्डवर पेटीच वाजलीय. पुन्हा ऐका.